शोरूमला जाण्याआधी घरातला प्लग बघा : बेळगावात पेट्रोलवरून इलेक्ट्रिक स्कूटरवर येताना

आमच्याकडे कुणी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली की भेटेल तो एकच विचारतो, "किती किलोमीटर जाते ओ?" मीही शोरूमात तेच विचारलं होतं. दोन वर्षं गाडी मारल्यावर कळलं की आधी घरातल्या गोष्टी बघायला हव्या होत्या. गाडी कुठं लावणार, प्लग कसला आहे आणि महिन्याला किती युनिट पडतात, एवढं पक्कं झालं की मग किलोमीटर.

१. पंधरा दिवस आकडे लिहा

सध्याच्या गाडीचा मीटर रोज रात्री वहीत लिहा. आपण दिवसाला पन्नास किलोमीटर फिरतो असं मला वाटायचं. वडगाव ते उद्यमबाग, मधे पोरांची शाळा, संध्याकाळी खडेबाजार, सगळं धरून भरले पंचवीस. खानापुरातून रोज बेळगावला येणाऱ्याचे जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न होतात, म्हणजे त्याचं गणित वेगळं.

२. प्लग आणि अर्थिंग

आमचं घर मागवाल्यांच्या गल्लीत, वायरिंग वडिलांच्या काळातलं. गाडी आल्यावर पहिल्याच आठवड्यात चार्जर काढताना पिन हाताला चटका देण्याइतकी गरम लागली. प्लगच्या भोकाभोवती प्लास्टिकवर तपकिरी डाग पडला होता. इलेक्ट्रिशियनने पाटी उघडली तर आत स्क्रू ढिला आणि वायर काळवंडलेली. स्कूटरचा साधा चार्जर साधारण इस्त्रीएवढाच करंट घेतो. पण इस्त्री आपण अर्धा तास फिरवतो आणि चार्जर चार-पाच तास चालतो. ढिल्या जोडाचा दोष इस्त्रीला झाकला जातो, चार्जरला उघडा पडतो.

म्हणून गाडीसाठी मेन बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर ओढून घ्या, शेवटाला सोळा अँपियरचा प्लग, त्याला जादा करंट आला की आपोआप पडणारा स्वतंत्र एमसीबी आणि गळतीचा करंट तोडणारा आरसीसीबी. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीच लावू नका, "आजचा दिवस" म्हणूनसुद्धा नाही.

अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनकडचा टेस्ट लॅम्प पुरतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा जसा लखलखीत लागतो, तसाच फेज आणि अर्थमध्ये लागला पाहिजे. मिणमिणता लागला तर अर्थिंग नावापुरतं. आरसीसीबी असेल तर या चाचणीत तोच पडेल, तीही चांगलीच खूण. ही चाचणी स्वतः करायला जाऊ नका. अर्थिंगच्या खड्ड्यात मात्र उन्हाळ्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतायचं काम तुमचं.

टिळकवाडीसारख्या ठिकाणी अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर ओढायची परवानगी सोसायटीकडून आधी लेखी घ्या. ते जमत नसेल तर बॅटरी काढून वर नेता येईल अशी गाडी बघा.

३. हेस्कॉमचं (आपल्या वीज कंपनीचं) बिल काढून बसा

इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर आहे. महिन्याला साडेसहाशे किलोमीटर आणि लिटरला पंचेचाळीसची सरासरी धरली तर चौदा-साडेचौदा लिटर, म्हणजे दीड हजाराच्या आसपास. तेवढ्याच अंतराला इलेक्ट्रिक स्कूटर चार्जरमधली तूट धरून पंचवीस-सव्वीस युनिट खाते. युनिटला सहा-सात रुपये धरले तरी दोनशेच्या आत.

आता गृहज्योती. कर्नाटक सरकारची ही फुकट विजेची योजना २०२३ च्या जुलैपासून आहे. २०२२-२३ मधली तुमची महिन्याची सरासरी आणि वर दहा टक्के, एवढे युनिट फुकट. त्यावर गेलात पण २०० च्या आत राहिलात, तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. २०० ओलांडलेत की पूर्ण बिल भरायचं.

समजा तुमची जुनी सरासरी ९० होती. मग ९९ युनिट माफ. आज घर शंभरावर चालतंय आणि गाडीचे सव्वीस वाढले, तर सत्तावीस युनिटचे पैसे लागतील. चालेल. पण घर आधीच १९० वर असेल तर सव्वीस मिळवून २१६ होतात. आता सगळे २१६ युनिट अंगावर. सहा रुपयांनी तेराशेच्या जवळ, शिवाय स्थिर आकार आणि कर. पेट्रोलमध्ये वाचवलेलं विजेत गेलं!

त्यामुळे मागच्या बारा महिन्यांची बिलं मांडा आणि प्रत्येक महिन्यात सव्वीस मिळवून बघा. एप्रिल-मे मुद्दाम बघा, फ्रीज आणि पंखे तेव्हाच जास्त खातात. बिल कन्नडात येतं. वाचायला अडचण असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा, तो घडाघडा वाचून दाखवेल. २०० च्या काठावर असाल तर गाडीआधी जुना गीझर किंवा जुना फ्रीज बदलण्याचा विचार करा. माझ्या मते बऱ्याच घरांत खरी उधळपट्टी तिथंच असते.

४. मग गाडी

कंपनी सांगते तो पल्ला चाचणीतला असतो. दोघं बसून, चढ-उतारावर, आपल्या रस्त्यांवर त्याच्या सत्तर टक्के धरा. रोजच्या अंतराच्या दुप्पट पल्ला उरत असेल तर ती गाडी पुरे. लाइट गेलेली एखादी रात्रही त्यात निभावते. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असल्याची बातमी आपल्याकडे पेपरात येतच असते, ती वाचून आदल्या रात्री चार्ज करायची सवय लागते.

चालवून बघताना शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर समाधान मानू नका. घरचं माणूस मागं बसवा आणि कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावर गाडी चढवा. मध्यावर थांबवून पुन्हा उचला. चढावर कण्हणारी गाडी वर्षभर कण्हतच राहील.

बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी, हे विचारा. लिथियम बॅटरीचे हे दोन प्रकार. एलएफपी जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि चार्जिंगच्या फेऱ्याही जास्त काढते. एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाची सुधारित आवृत्ती डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. त्याआधीची जुनी गाडी स्वस्तात मिळत असली तरी मी घेणार नाही. वॉरंटीच्या कागदावर वर्षं आणि किलोमीटर असतातच, पण बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली आली तर ती बदलून मिळेल, ती ओळ शोधा. नसेल तर लिहून मागा.

ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि २५० वॉटपर्यंतच्या गाडीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. अशी गाडी गल्लीत ठीक, जुन्या पीबी (पुणे-बेंगळुरू) रोडच्या ट्रकमध्ये घालू नका.

सर्व्हिस सेंटर कुठं आहे हेही बघा. खानापूर, जांबोटीकडच्यांनी विशेष करून. बंद पडलेली इलेक्ट्रिक गाडी गावातला मिस्त्री सहसा उघडतच नाही, ती टेम्पोत घालून शहरात आणावी लागते.

५. कोल्हापूरच्या पाहुण्याचा सल्ला

"आमच्याकडं स्वस्त पडते, माझ्या नावावर घे की," असं सांगणारा एक पाहुणा प्रत्येकाला असतो. त्याला चहा पाजा, पण गाडी इथंच घ्या. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडं ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे पुन्हा नोंदणी करावी लागते. शिवाय विमा त्याच्या नावावर, म्हणजे चोरी झाली तर भरपाईचे पैसेही त्याच्याच खात्यात. सबसिडी आणि रोड टॅक्सचे नियम दर थोड्या दिवसांनी बदलतात. कोटेशनवर या दोन्ही रकमा वेगळ्या ओळीत लिहून घ्या. नंबरप्लेट हिरवी, त्यावर पांढरी अक्षरं.

६. जुन्या गाडीचं काय

चंदगड किंवा गडहिंग्लजचं, म्हणजे महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक आलं तर आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी काढून द्या. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. कर्ज होतं तर बोजा उतरवल्याचा बँकेचा फॉर्म ३५ आधी. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी सोडू नका, पुढचा अपघात तुमच्या नावावर येईल. कणकुंबी-जांबोटी भागात राहत असाल तर माझं स्पष्ट मत, पहिला पावसाळा पार पडेपर्यंत पेट्रोलची गाडी विकू नका. तिकडं झाड तारांवर पडलं की लाइट कधी येईल याचा नेम नसतो.

७. पाऊस आणि घाट

पावसात गाडी चालते. मात्र साठलेलं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर थांबा. घरी आल्यावर चार्जिंगच्या झाकणाभोवतीचं पाणी कापडानं टिपा आणि मगच पिन लावा. प्रेशर पंपाने धुणाऱ्याला झाकण आणि मोटर दाखवून लांबूनच पाणी मारायला सांगा.

चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला जायचं मनात असेल तर एक हिशोब सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे परत येताना सगळा चढ. दोन माणसांसह अडीचशे किलोची स्कूटर सातशे मीटर वर चढवायला अर्धा युनिट लागतो, मोटरमधली तूट धरून थोडा जास्तच. तीन युनिटच्या बॅटरीतला पाचवा हिस्सा नुसत्या चढाला! उतरताना ब्रेकमधून थोडं परत मिळतं, म्हणून जाताना मीटर फसवा दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. कारचं प्रमाण तेच : माणसांसह सतराशे किलोला साडेतीन-चार युनिट. परतीच्या वाटेवर गोव्यातलं साखळी गाव सोडण्याआधी बॅटरी भरून घ्या. केरीनंतर चढ लागला की मग मधे चार्जर शोधत बसायची ती जागा नव्हे.