पिल्लाला घरचा खाऊ देताना

कुत्र्याच्या पिल्लाला काही शिकवायचे तर हाताशी खाऊ लागतोच, आणि तो दर वेळी पाकिटातलाच असावा असे काही नाही. आपल्या खाण्यातले बरेच साधे पदार्थ पिल्लाला चालतात. मात्र ‘गाजर चालते का?’ या प्रश्नाला नुसते ‘हो’ म्हणून भागत नाही, कारण किसलेले गाजर निर्धोक असते आणि त्याच गाजराची जाड चकती घशात अडकू शकते. पदार्थ कोणता हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो केवढा, किती आणि कसा दिला हेही महत्त्वाचे आहे.

पिल्लू साधारणपणे आठ आठवड्यांचे झाल्यावर नव्या घरी येते. जागा, माणसे आणि बहुधा खाणेही बदललेले असल्यामुळे त्याचे पोट आधीच नाजूक झालेले असते. म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे त्याच्या नेहमीच्या जेवणातलेच दाणे खाऊ म्हणून द्यावेत. शी व्यवस्थित बांधून होऊ लागली की मग घरच्या पदार्थांना सुरुवात करावी.

खाऊच्या प्रमाणाचा रूढ नियम असा आहे की, दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी फार तर १० टक्के खाऊतून याव्यात. चार किलो वजनाच्या, पाच महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला साधारण ४०० कॅलरी लागतात असे धरले (जातीनुसार आणि हालचालीनुसार हा आकडा कमी-जास्त होतो), तर खाऊच्या वाट्याला येतात ४०. एका मोठ्या उकडलेल्या अंड्यातच सुमारे ७५ कॅलरी असतात, म्हणजे अर्ध्या अंड्यात त्या दिवसाचा खाऊ संपला. उकडलेले बिनचरबीचे चिकन असेल तर साधारण २५ ग्रॅम, आणि गाजर असेल तर जवळजवळ १०० ग्रॅम. अर्थात कॅलरींचा हिशेब जुळतो म्हणून एवढे गाजर एका दिवसात खायला घालू नये. ही मर्यादा केवळ लठ्ठपणाच्या भीतीने घातलेली नाही. पिल्लाच्या आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण ठरावीकच असावे लागते. नुसते मांस किंवा भात यांचा भरणा वाढला की ते बिघडते आणि वाढत्या हाडांवर परिणाम होतो. मोठ्या जातींच्या पिल्लांच्या बाबतीत तर याकडे अधिकच लक्ष द्यावे.

एवढ्याशा खाऊत दिवसभर शिकवणे कसे जमायचे, अशी शंका येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर तुकड्याच्या आकारात आहे. वाटाण्याएवढा तुकडा पुरे, आणि लहान जातीच्या पिल्लाला त्याच्याही अर्धा. पिल्लू चावत बसत नाही, थेट गिळते. आपल्याला किती वेळा मिळाले एवढेच त्याच्या लक्षात राहते. आमच्या पिल्लाला पहिल्यांदा गाजर दिले तेव्हा मी बोटाच्या पेराएवढे तुकडे केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जसेच्या तसे, कडासुद्धा न झिजलेले, शीमध्ये दिसले. तेव्हापासून गाजर किसून किंवा मऊ वाफवूनच दिले जाते.

सुरुवातीला सर्वांत सोयीचे म्हणजे मीठ-मसाला न घालता उकडलेले, कातडी आणि हाडे काढलेले चिकन. अंडे पूर्ण उकडलेलेच असावे, कारण कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्गाचा धोका असतो. कच्चे मांसही त्याच कारणाने टाळावे. भाज्यांमध्ये वाफवलेला लाल भोपळा, रताळे आणि फरसबी चालते, तर काकडी बारीक चिरून कच्चीच देता येते. सफरचंद द्यायचे तर मधला भाग आणि बिया काढून टाकाव्यात. केळे गोड असल्याने एखादी पातळ चकतीच कुस्करून द्यावी. साधा भात चालतो, पण शिकवताना तो बोटांना चिकटतो आणि सगळा गोंधळ होतो. साखर न घातलेले दही चमचाभर देऊन पाहावे. दूध मात्र अनेक पिल्लांना आईचे दूध सुटल्यानंतर नीट पचत नाही आणि जुलाब होतात.

नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा आणि पुढच्या पदार्थापूर्वी दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. एकाच दिवशी चिकन, दही आणि केळे दिले आणि रात्री पिल्लू ओकले, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. अंग खाजवणे, कान लाल होणे, शी पातळ होणे यांपैकी काही दिसले तर तो पदार्थ थांबवावा.

काही पदार्थांच्या बाबतीत मात्र ‘थोडेसे चालेल’ हा विचारच करू नये. द्राक्षे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती द्राक्षे बाधतील याचा आधी अंदाज बांधता येत नाही. चॉकलेटमधले थिओब्रोमिन हे कुत्र्यांना बाधणारे द्रव्य त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. चॉकलेट जितके गडद तितका धोका मोठा. झायलिटॉल ही गोडी साखरविरहित च्युइंगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये असते. ती पोटात गेल्यावर अर्ध्या-एक तासातही रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.१ ग्रॅम झायलिटॉलही त्यासाठी पुरते, म्हणून वेष्टनावर ‘झायलिटॉल’, ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ यांपैकी काही लिहिले आहे का ते वाचल्याशिवाय डबा उघडू नये. मॅकाडेमिया हा सुकामेवा, कॉफी, मद्य आणि यीस्ट घातलेले कच्चे पीठ हेही याच यादीतले.

माझ्या मते सर्वांत फसवे म्हणजे कांदा-लसूण, कारण ते नुसते कोणी पिल्लासमोर ठेवत नाही. ते सूपमधून, रश्श्यातून, मसाल्याच्या पुडीतून जातात. शिजवल्याने त्यांचा अपाय जात नाही, आणि पुडीत तर तो अधिक एकवटलेला असतो. त्यांच्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, पण लक्षणे दिसायला काही दिवस लागत असल्याने पिल्लाच्या हिरड्या फिक्या पडल्यावरही कोणाला परवाचे सूप आठवत नाही. आपल्या ताटातला घास देऊ नये तो मुख्यतः याचसाठी. शिजवलेले हाड तर मुळीच देऊ नये, कारण त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या उडून घशाला किंवा आतड्याला इजा करतात.

तरीही असे काही पोटात गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यांना फोन करावा. काय खाल्ले, साधारण किती, केव्हा, आणि पिल्लाचे वजन किती, हे तेव्हा सांगता आले पाहिजे; वेष्टन जपून ठेवावे. मीठ पाजून ओकारी काढण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो ऐकू नये, कारण त्या मिठाचीच विषबाधा होऊ शकते.

घरात माणसे जास्त असली की प्रत्येकजण ‘मी एकच दिला’ म्हणतो आणि पिल्लू जेवणाकडे पाठ फिरवते. आमच्याकडे यावर छोट्या डबीची युक्ती लागू पडली. सकाळी त्या दिवसाचा सगळा खाऊ चिरून डबीत भरायचा, डबी फ्रीजमध्ये ठेवायची आणि ज्याला द्यायचा असेल त्याने तिच्यातूनच द्यायचा. दुपारीच डबी रिकामी झाली, तर संध्याकाळी कितीही केविलवाणे डोळे करून पाहिले तरी मिळतात ते जेवणातले दाणेच.