बालगृहातल्या मावशींसोबत काम करायचं असेल तर

२०१६ चा जुलै. पुण्यातल्या मुलींच्या एका बालगृहात मी कर्मचाऱ्यांसाठी 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर दोन तासांचं सत्र घेतलं. प्रोजेक्टर होता, छत्तीस स्लाइड होत्या आणि शेवटी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचा व्यायाम होता. डोळे मिटायला सांगितल्यावर समोरच्या अकरा जणींपैकी तिघी चक्क झोपल्या, त्यातली एक घोरायलाही लागली. मला राग आला. नंतर कळलं, त्या तिघी आदल्या रात्री आठपासून ड्यूटीवर होत्या. सकाळी आठला सुटायच्या, पण माझ्या सत्रासाठी त्यांना थांबवून ठेवलं होतं. फीडबॅक फॉर्मवर मात्र अकराही जणींनी 'खूप छान' लिहिलं. तो गठ्ठा मी अजून ठेवलाय, पाय जमिनीवर ठेवायला बरा पडतो.

तेव्हा मी समुपदेशक म्हणून मुलांसोबतच काम करत होते. आता माझा बराचसा वेळ मुलांना सांभाळणाऱ्यांसोबत जातो: गृहमाता, काळजीवाहक, स्वयंपाकाच्या मावशी, केस वर्कर, रात्रीचे वॉचमन काका. हे काम शिकायचंय म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत बरेच जण विचारायला येतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच लिहिते आहे.

आठवड्याचे तास १६८. त्यातला एक समुपदेशकाच्या वाट्याला येतो, तोही मुलीचं नशीब चांगलं असेल तर. उरलेल्या १६७ तासांत तिला कोण उठवतं, कोण ताटात वाढतं, रात्री किंचाळून जागी झाली तर कोण धावतं? मावशी. म्हणजे उपचार म्हणून जे काही होतं, त्यातला मोठा भाग त्यांच्याच हातून होतो. आणि त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर उपचार हा शब्दसुद्धा नसतो.

मूल बालगृहात येतं कसं, हे आधी नीट समजून घ्या. २०१५ चा बाल न्याय कायदा जानेवारी २०१६ पासून लागू आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती ऑर्डर काढते आणि मूल संस्थेत दाखल होतं. कायद्याशी संघर्षात आलेल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची वाट वेगळी, ती बाल न्याय मंडळाकडून निरीक्षणगृहात जातात. नवखी माणसं या दोन्हींची सर्रास गल्लत करतात आणि पहिल्याच भेटीत अधीक्षकांच्या नजरेतून उतरतात. मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ची बंदी आहे, म्हणून खाली लिहिलेल्या प्रसंगांतले तपशील मी बदलले आहेत.

आता एका मावशींची गोष्ट. वारज्याहून दोन बस बदलून यायच्या, म्हणून त्यांना वारज्याच्या मावशी म्हणू. त्यांच्या खोलीत अकरा वर्षांची एक मुलगी आली. रविवारी सगळ्या मुलींच्या डोक्याला तेल लावून, उवा बघून वेण्या घालायचा रिवाज. ही केसांना हात लावू देईना. कंगवा दिसला की पलंगाखाली. तिच्या फाइलमध्ये कारण होतं: घरी तिला केसांना धरून फरफटत नेत. पण फाइल कपाटात आणि कपाटाची किल्ली ऑफिसात. मावशींना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी स्वतःच्या अकलेनं एक केलं. त्या रोज तिच्याजवळ बसून स्वतःचेच केस विंचरायला लागल्या. तीन आठवड्यांनी पोरगी कंगवा घेऊन त्यांच्यापुढे पाठ करून बसली. महिनाभर तिची वेणी फक्त मावशींनी घालायची. मग एका संध्याकाळी वेणी घालताना ती गर्रकन वळली, मावशींच्या तोंडावर थुंकली आणि म्हणाली, "तू माझी आई नाहीयेस."

असं का होतं, हे पुस्तकात सापडतं. ज्याच्या जवळच्यांनीच घात केला, त्याला नवी जवळीक धोक्याची वाटते. माया खरी आहे का, हे ते मूल ती मोडून बघतं. मावशींनाही मी हे समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. पण त्यांना जे सांगायचं होतं ते निराळंच होतं आणि ते दोन महिन्यांनी मेथी निवडताना बाहेर पडलं. "मॅडम, त्या दिवसापासून घरी माझ्या पोरीच्या केसांना हात लावावासा वाटत नाही. तिला सांगितलं, आता मोठी झालीस, तुझी तू घाल."

मी दहा वर्षांत जे शिकले त्यातलं बरंचसं या दोन वाक्यांत आहे. अमेरिकन संशोधक चार्ल्स फिग्ली यांनी १९९० च्या दशकात या प्रकारच्या थकव्याबद्दल लिहिलं, इंग्रजीत त्याला 'कम्पॅशन फटीग' म्हणतात. दुसऱ्याचं दुःख झेलता झेलता ते आपल्या घरात शिरतं, आणि ज्याच्या घरात शिरतं त्याला वाटतं की आपणच वाईट आहोत.

मेथीचं असं झालं. २०१६ च्या त्या सत्राच्या फजितीनंतर मी पुन्हा गेले ती प्रोजेक्टर न घेता. मंगळवारी दुपारी दोन ते तीन, मुली शाळेत असताना. गोल करून बसलो. चार मंगळवार कोणी तोंड उघडेना. "सगळं बरं चाललंय मॅडम." पाचव्या मंगळवारी स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, नुसतं बसण्यापेक्षा भाजी तरी निवडू. हाताला काम मिळालं, नजरा परातीकडे गेल्या आणि बोलणं सुरू झालं. तेव्हापासून हिवाळ्यात मटार, एरवी मेथी नाहीतर शेंगा. तुमच्या ठिकाणी दुसरं काही असेल. टेबलाभोवती खुर्च्या मांडून 'मोकळेपणाने बोला' म्हटल्यावर आपली माणसं मोकळेपणानं बोलत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

बैठकीचा तास ड्यूटीच्या वेळेतच हवा. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर तीही एक बिगारीच. यासाठी अधीक्षकांशी भांडावं लागलं तरी भांडा, दुसऱ्या कशासाठी भांडू नका.

बैठकीत रागावर बोलू द्या. हे सगळ्यात अवघड. मुलीचा राग आला असं म्हणायची मावशींना लाज वाटते, कारण मग 'अनाथांची आई' या हारतुऱ्याचं काय होणार? मी त्यांना विनिकॉटची गोष्ट सांगते. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. महायुद्धात शहराबाहेर हलवलेल्या मुलांच्या वसतिगृहातून पळालेला नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांनी तीन महिने स्वतःच्या घरी ठेवला होता. पोरगा थैमान घालायला लागला की विनिकॉट त्याला उचलून दाराबाहेर ठेवत. बाहेर घंटा होती. ती वाजवली की त्याला आत घेत, झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढत नसत. मात्र बाहेर ठेवताना दर वेळी सांगत की जे घडलं त्यामुळे मला तुझा द्वेष वाटतोय. असं बोललो नसतो तर त्याला ठेवून घेणं जमलं नसतं, असं त्यांनी १९४९ साली छापून सांगितलं. आपल्याकडे कोणाला दाराबाहेर ठेवायचं नाही, आणि संस्थेत शारीरिक शिक्षा हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे. पण गोष्ट ऐकून मावशींच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो बघण्यासारखा असतो. एवढ्या मोठ्या डॉक्टरलाही वाटलं तर!

राग बोलला गेला नाही तर तो दुसऱ्या वाटेनं बाहेर येतो. इझाबेल मेंझीस यांनी लंडनमधल्या एका रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास केला, तो १९६० साली प्रसिद्ध झाला. तिथे कामाचे तुकडे पाडून वाटले जात, म्हणजे एकीला एकाच रुग्णाची ओढ लागायला नको. रुग्णाचा उल्लेख 'दहा नंबरच्या खाटेवरचं लिव्हर' असा व्हायचा. हे वाचलं तेव्हा मला आमचे कॉरिडॉर आठवले. 'ती पॉक्सोवाली' (पॉक्सो म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), 'ती पळणारी'. आणि दर तीन महिन्यांनी खोल्या बदलून देणं, कारण काय तर 'फार माया लागू नये'. हे दुष्टपणानं कोणी करत नाही, स्वतःला वाचवायला करतात. तुम्ही गेल्या गेल्या 'मुलींना नावानं हाक मारा' असं फर्मान काढलंत, तर ते फक्त तुमच्यासमोर पाळलं जाईल.

गोपनीयतेचं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. बैठकीतलं बोलणं ऑफिसात जाणार नाही. अपवाद एकच: मुलाला इजा होत असल्याचं कळलं तर गप्प बसता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालाही आणि मावशींनाही. एकदा मी ही सीमा पुसट ठेवली. एका काळजीवाहक ताईची अडचण मी भाबडेपणानं अधीक्षिकांच्या कानावर घातली, तिच्या भल्यासाठीच. पुढच्या महिन्यात तिचा अकरा महिन्यांचा करार वाढला नाही. दोन्हींचा संबंध होता की नव्हता, कोण जाणे. बाकीच्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला, आणि पुढचं अर्धं वर्ष मी नुसत्या शेंगा सोलल्या.

मुलगी पळून गेल्याची रात्र एकदा जवळून बघा. पोलीस ठाण्यात तक्रार, समितीला कळवणं, रेल्वे स्टेशन, स्वारगेट. या सगळ्यात एक प्रश्न शंभरदा विचारला जातो, "ड्यूटीवर कोण होतं?" जी होती ती कोपऱ्यात बसलेली असते. तिला चहा द्या आणि घरी सोडायची सोय करा. त्या रात्री 'तुम्हाला कसं वाटतंय' असलं काही विचारू नका. ते आठ दिवसांनी.

शिक्षणाचं थोडक्यात. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्रात एमए हवं. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०२० साली सुरू झालेल्या 'संवाद' उपक्रमाचं प्रशिक्षण साहित्य चांगलं आहे. पदवीनंतर किमान दोन-तीन वर्षं थेट मुलांसोबत काढा आणि संस्थेत निदान काही रात्री मुक्काम करा. पहाटे साडेतीनला ओल्या गाद्या बदलल्याशिवाय मावशींना सल्ला देऊ नये असं माझं मत आहे. पैसे? फक्त या कामावर पुण्यात घर चालत नाही. मी खासगी समुपदेशन करते म्हणून हे जमतं. आणि त्यातून दर पंधरवड्याला माझ्या स्वतःच्या मार्गदर्शकांची फी देते. ती वाचवायचा मोह होईल, वाचवू नका.

मावशींची स्वतःची दुखणीही वर येतात, दारुडा नवरा, लहानपणीचा मार. ती ऐका, पण उपचार सुरू करू नका, तुम्ही त्यांच्या थेरपिस्ट नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहिलेला आहे.

वेणीवाल्या मुलीची पुढे तिच्या जिल्ह्यात बदली झाली. समितीची ऑर्डर आली त्या दिवशी मावशींना ऑफ होता. दुसऱ्या दिवशी आल्या तर पलंगाची चादर बदललेली. कोणी काही लपवलं नव्हतं, सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. यावर आम्ही पाच-सहा मंगळवार बोललो. शेवटी अधीक्षिकांनी जावक नोंदवहीत पट्टीनं एक नवा रकाना आखला: 'संबंधित काळजीवाहकास आदल्या दिवशी कळवले, सही'. दिवाळीच्या आधी दुसरी एक मुलगी गेली तेव्हा तिथे वारज्याच्या मावशींची सही आहे. सहीशेजारी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय, 'कंगवा व दोन रिबिनी सोबत दिल्या.'