मुलांचा रग्बी संघ सांभाळताना ‘बघू’ म्हणू नका

पुण्याच्या एका उपनगरातील मैदानावर गेली सहा वर्षे मी १४ आणि १७ वर्षांखालील मुलांचा रग्बी संघ चालवतो आहे. ज्यांनी प्रशिक्षकाचा पहिला अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला आहे, ज्यांना पास, टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणे) आणि रक (जमिनीवर पडलेल्या चेंडूसाठीची झटापट) शिकवता येतात, आणि ज्यांच्या हाती आता प्रथमच वीस-पंचवीस मुले व त्यांचे पालक येणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. खेळाच्या तंत्राविषयी यात फारसे काही नाही. माझा संघ तंत्रामुळे फुटला नव्हता.

आपल्याकडे मूल रग्बीकडे येते ते बहुधा दुसरीकडून फिरून येते. क्रिकेटच्या निवडचाचणीत मागे पडलेले, कबड्डीत वजनगटामुळे अडलेले, किंवा डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले म्हणून धाडलेले. रिओ ऑलिंपिकपासून, म्हणजे २०१६ पासून, सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंची रग्बी, ऑलिंपिकमध्ये आहे आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत व्यावसायिक लीगही झाली, त्यामुळे हा खेळ कोणता हे आता निदान पहिल्यापासून सांगावे लागत नाही. तरीही पालकांचा पहिला प्रश्न ‘प्रमाणपत्र मिळते का?’ हाच असतो. या प्रश्नाला हसू नका. दहावी-बारावीचे क्रीडा सवलत गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण या गोष्टी बेताची मिळकत असलेल्या घरासाठी मोठ्या असतात. मी मात्र पहिल्या वर्षी त्यांचेच आमिष दाखवून मुले जमवली. कोणत्या स्पर्धेचे आणि कोणत्या स्तरावरचे प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारण्याआधीच मी बोलून बसलो होतो. पुढचे सगळे रामायण तिथून सुरू झाले.

सेव्हन्सच्या स्पर्धेला बारा खेळाडू नेता येतात, सात मैदानात आणि पाच राखीव. दुसऱ्या हंगामात माझ्याकडे तेवीस मुले होती. याचा अर्थ अकरा मुले घरी राहणार, हे मला जूनपासून माहीत होते आणि मी ते एकाही पालकाला सांगितले नव्हते. त्यातल्या एका मुलाचे वडील टेम्पो चालवत. संध्याकाळी मुलाला न्यायला येत तेव्हा फाटकापाशी थांबून विचारत, ‘सर, पोराला स्पर्धेला नेणार ना?’ मी म्हणायचो, ‘बघू.’ दोन महिन्यांत हा संवाद किमान पाच-सहा वेळा झाला असेल. मुलगा माझ्या मनातल्या यादीत सोळावा की सतरावा होता, आणि ‘बघू’ म्हणताना मला ‘नाही’ म्हणायचे होते, पण समोर उभ्या असलेल्या माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला ते तोंडावर सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

त्यांनी ‘बघू’ कसे ऐकले, याचा विचार मी फार उशिरा केला. त्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक भाड्याबद्दल घासाघीस करते तेव्हा ‘बघू’ म्हणजे ‘जमवून घेऊ’. शाळेच्या प्रवेशाच्या खिडकीवर ‘बघू’ म्हणजे ‘पुन्हा येऊन विचारा’. लग्नाच्या बोलणीत मात्र ‘बघू’ म्हणजे सरळ नकार असतो, आणि मला तोच अर्थ अभिप्रेत होता. एकाच शब्दाचे इतके अर्थ असताना, ज्याला आशा आहे तो माणूस आपल्या सोयीचा अर्थ घेणारच, आणि त्यात त्याची काहीही चूक नाही. त्यांनी मुलाला अठ्ठावीसशे रुपयांचे नवे स्टड, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट, घेतले. गुरुवारी संध्याकाळी मी यादी ग्रुपवर टाकली आणि फोन बंद करून ठेवला. हे लिहितानाही लाज वाटते. शुक्रवारी ते आले. ते ओरडले नाहीत. पिशवीतून त्यांनी स्टड काढले, ते धुतलेले होते, तळाच्या खाचांमधली मातीसुद्धा काडीने कोरून काढलेली होती. माझ्या दुचाकीच्या सीटवर ते ठेवून म्हणाले, ‘कोणाला होतील बघा.’ तो मुलगा पुन्हा मैदानावर आला नाही. महिन्याभरात आणखी सात मुले गेली, कारण त्यांच्या पालकांनाही मी कधी ना कधी ‘बघू’ म्हटलेले होते.

म्हणून पहिली आणि शेवटपर्यंत पाळायची गोष्ट ही, की हा शब्द मैदानावर उच्चारू नका. ‘प्रयत्न करू’, ‘अजून वेळ आहे’, ‘मेहनत करू दे, मग ठरवू’ हेही त्याचेच भाऊबंद आहेत. विचारणाऱ्याला तीन गोष्टी सांगा: आज यादी केली तर मूल कितवे आहे, वर यायला त्याला नेमके काय जमायला हवे, आणि यादी कोणत्या तारखेला लागणार. उदाहरणार्थ, ‘आज तो पंधरावा आहे, डाव्या खांद्याने टॅकल करताना डोळे मिटतो, ते सुटले तर बारात येऊ शकतो, यादी २० नोव्हेंबरला लागेल.’ ऐकणाऱ्याचा चेहरा पडेल, क्वचित आवाजही चढेल, परंतु तीन महिन्यांनी तोच पालक तुमच्या बाजूने बोलेल. आणखी एक पथ्य असे, की यादी लागण्याच्या आदल्या दिवशी वगळलेल्या प्रत्येक मुलाशी मैदानावर समोरासमोर बोला, कारण स्वतःचे नाव नाही हे मुलाने ग्रुपवर वाचणे किंवा बापाच्या तोंडून ऐकणे यासारखा अपमान नाही. अकरा मुलांशी बोलायला मला दीड तास लागतो. रात्री जेवण जात नाही, हेही खरे आहे.

आता आम्ही जूनच्या पहिल्या रविवारी पालकांची सभा घेतो आणि एका पानाचे पत्रक वाचून दाखवतो. वाचून दाखवतो, वाटून मोकळे होत नाही, कारण वाटलेले पत्रक घरी वह्यांना कव्हर घालायला जाते. घरच्या मैदानावरील सामन्यांत प्रत्येक मुलाला किमान एक डाव, म्हणजे सात मिनिटे, खेळायला मिळतेच. बाहेरच्या स्पर्धेसाठी मात्र निवड होते, आणि निवडीत हजेरी मोजली जाते. इथे जुलै-ऑगस्टचा प्रश्न येतो. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर रग्बी पावसाळ्यात खेळतात ते उगीच नाही, मैदान मऊ असते आणि पडलेले मूल हसत उठते. परंतु पुण्यात नेमके याच दिवसांत संध्याकाळी ढोलपथकांचे सराव सुरू होतात आणि निम्मा संघ नदीकाठी जातो. पहिली दोन वर्षे मी चिडचिड केली. आता गणपतीपर्यंत सराव सकाळी सव्वासहाला ठेवतो. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते, तेव्हा टॅकल पूर्ण बंद आणि फक्त टच, म्हणजे पाडण्याऐवजी नुसता हात लावायचा.

खेळाडूंकडून काय अपेक्षा ठेवायची, ते कुस्तीच्या उदाहरणावरून सांगतो. आमच्याकडे तालमीतून आलेली चार मुले आहेत आणि त्यांचा पट काढण्याचा, म्हणजे वाकून समोरच्याचे पाय ओढण्याचा, वेग पाहून मी प्रथम हरखून गेलो होतो. पण पट काढताना डोके जिथे जाते तिथे टॅकलमध्ये गेले तर धावत्या खेळाडूचा गुडघा थेट कानशिलावर बसतो. रग्बीत डोके त्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या मांडीला चिकटलेला, असे असावे लागते. ही एक सवय मोडायला सहा आठवडे गेले, आणि बाहेरून वस्तादांचे ‘उचल, उचल!’ चालूच होते. समोरच्याला उचलून त्याचे अंग आडवे होण्याच्या पलीकडे नेले की कार्ड मिळते, आणि सेव्हन्समधले पिवळे कार्ड म्हणजे दोन मिनिटे बाहेर, म्हणजे सामन्याचा सातवा हिस्सा सहा जणांनी खेळायचा. हे गणित वस्तादांना खडूने फळ्यावर मांडून दाखवले तेव्हा कुठे ते शांत झाले. पंचांशी फक्त कर्णधार बोलतो, हा नियम मुलांना एका दिवसात पटतो. बाहेर उभ्या असलेल्या मोठ्यांना तो पटायला वर्षे लागतात.

एका बाबतीत मात्र चर्चा करू नका, समजूत घालत बसू नका. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलाला बाहेर काढा, आणि त्या दिवशी ते पुन्हा मैदानात उतरणार नाही हे तिथेच जाहीर करा. आपल्याकडे ‘मुका मार आहे, रक्त नाही, सूज नाही, तोंडावर पाणी मारा’ असे म्हणणारा एक काका प्रत्येक सामन्याला असतो. आमच्या एका चांगल्या खेळाडूने उठल्यावर मला तीनदा विचारले की हा पहिला डाव आहे की दुसरा. त्याचे वडील रात्रभर एसटीने प्रवास करून सामना पाहायला आले होते आणि दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता. मी नाही म्हणालो. जागतिक रग्बी संघटनेच्या सूचनेप्रमाणे सामन्यात परतण्याआधी किमान २१ दिवस जावे लागतात, तेही लक्षणे पूर्ण गेल्यावर, टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांना दाखवून. हे पत्रकात लिहिलेले होते, जूनमध्ये वाचलेले होते, आणि म्हणूनच त्या क्षणी मला फक्त पत्रकाकडे बोट दाखवावे लागले. आम्ही उपांत्य सामना हरलो. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

आडवाटांबद्दल थोडे बोलतो. वयाचा दाखला मूळ प्रत पाहूनच घ्या. सोळा वर्षांच्या मुलाला चौदाखालच्या गटात घुसवून सामने जिंकून देणारे लोक तुम्हाला भेटतील, चहाही पाजतील; पण त्या मुलाखाली सापडलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचे हाड मोडते, हे ते सांगत नाहीत. केवळ अंगापिंडाने मोठी मुले निवडणे हीसुद्धा आडवाटच आहे. दोन वर्षांत बाकीची मुले उंचीने त्यांना गाठतात आणि तोपर्यंत मोठ्या मुलांना पास देणे कोणी शिकवलेलेच नसते.

मार्गदर्शकांविषयी माझे मत थोडे तिखट आहे. परदेशी सामन्यांच्या चित्रफिती पाठवणारे मार्गदर्शक मला पुष्कळ मिळाले आणि त्यांचा उपयोग शून्य झाला. उपयोग झाला तो शेजारच्या मैदानावरील एका वयस्कर कबड्डी प्रशिक्षकांचा, ज्यांनी रग्बीचा चेंडू हातात धरला तोही माझ्या आग्रहाने. ‘पालकांना कामाला लावा,’ एवढेच त्यांनी सांगितले.

पहिल्या वर्षी तुम्ही बहुतेक सामने हराल. आम्ही सगळे हरलो. मुले ते संध्याकाळपर्यंत विसरली, तेव्हा फार घाबरू नका. मात्र सामन्याच्या दिवशी पालकांना नुसते उभे ठेवू नका. पाणी, दोरी, प्रथमोपचाराची पेटी, बदली खेळाडूंची वही, ही कामे आम्ही नावानिशी वाटून देतो. त्या वस्तादांकडे फक्की मारण्याचे काम आहे. पहाटे साडेपाचला ते चुन्याची पाटी घेऊन येतात, आणि ज्याने स्वतः रेषा आखली तो माणूस रेषेवरून पंचांशी वाद घालत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यांची रेषा उजव्या कोपऱ्यात हमखास वीतभर वाकडी जाते. दोन्ही संघांच्या कर्णधारांना ती आधी दाखवून ठेवतो आणि सामना सुरू करतो.