आज शाळेत पाठवावे की घरी ठेवावे?

सकाळी डबा भरत असताना मूल पोट धरून उभे राहते, बाहेर पावसाची रिपरिप चालू असते आणि मोठ्यांना कामावर निघण्याची घाई असते. अशा वेळी घेतलेला निर्णय बहुधा मुलाच्या प्रकृतीपेक्षा घरच्या सोयीवर ठरतो, आणि म्हणूनच काही नियम आधीच ठरवून ठेवलेले बरे असतात.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 नुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरणे आवश्यक आहे. महिन्याला दोनच दिवस बुडाले तरी वर्षाअखेर वीसेक दिवस, म्हणजे शिक्षणाचा दहावा भाग हातातून जातो. त्याहून मोठे नुकसान क्रम तुटल्याने होते. हातच्याची बेरीज ज्या तीन दिवसांत शिकवली तेव्हा मूल घरी असेल, तर पुढे वजाबाकीत ते अडते, आणि तोवर त्याचे मूळ कारण कोणाच्याच लक्षात राहिलेले नसते. शनिवारची सकाळची शाळा अर्धीच असते म्हणून ती हिशेबात धरायची नाही, ही पुष्कळ घरांतली समजूतही सोडून द्यावी.

आजारपणातील पहिला नियम तापाचा आहे. हाताने कपाळ चाचपून अंदाज करण्यापेक्षा तापमापक वापरावा, 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल तर मुलाला घरी ठेवावे. सकाळी पॅरासिटामॉल पाजून, ताप उतरल्यासारखा दिसताच दप्तर पाठीवर अडकवणे ही आपण स्वतःची केलेली फसवणूक असते, कारण औषधाचा अंमल सरला की मूल वर्गात पुन्हा तापते आणि मधल्या चार-पाच तासांत शेजारच्या मुलांनाही आजार देऊन बसते. औषध न देता पूर्ण 24 तास ताप आला नाही, म्हणजे शाळा सुरू करायला हरकत नाही. उलट्या आणि जुलाब यांच्या बाबतीत शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यापासून 48 तास थांबावे. मूल त्याआधीच हसते-खेळते झालेले असते, त्यामुळे हा नियम जाचक वाटतो. परंतु शाळेत पोषण आहार एकत्र बसून खाल्ला जातो आणि पिण्याच्या पाण्याचे नळ व स्वच्छतागृहे सर्वांची एकच असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे तो पटतो.

पुरळ उठणाऱ्या आजारांत प्रत्येकाची मुदत वेगळी असते. कांजिण्यांचे सगळे फोड सुकून त्यांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा दिवस, मुलाला घरी ठेवावे लागते. खपल्या पूर्ण गळून पडेपर्यंत थांबण्याची मात्र गरज नसते. कांजिण्यांत मुलाला ॲस्पिरिन कधीही देऊ नये. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस शाळा टाळावी. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची मोठी साथ आली होती, तेव्हा लसीची मात्रा चुकलेल्या मुलांना तिचा विशेष फटका बसला. म्हणून पुरळ दिसताच डॉक्टरांना दाखवावे आणि जाताना लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे. डोळे आल्यास पाणी व चिपडे येणे थांबेपर्यंत घरीच ठेवावे. ही साथ शाळांतून किती वेगाने फिरते ते 2023 च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर दिसले होते.

याउलट नुसते नाक वाहणे किंवा ताप ओसरल्यावर मागे रेंगाळणारा खोकला ही घरी ठेवण्याची कारणे नव्हेत. उवा-लिखा तर मुळीच नाहीत. उवा झाल्या म्हणून मुलीला आठवडाभर घरी ठेवल्याने उवा जात नाहीत, शिक्षण मात्र जाते. रात्री औषध लावून बारीक फणीने केस विंचरावेत आणि सकाळी वेणी घालून तिला शाळेत पाठवावे. खरजेवर डॉक्टरांनी दिलेला मलम सांगितल्याप्रमाणे एकदा सर्वांगाला लावून झाला की दुसऱ्या दिवशी शाळेत जाता येते, मात्र उपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करायचे असतात.

खरी कसोटी लागते ती ताप नसलेल्या पोटदुखीत. दुखणे रविवारी गायब होऊन सोमवारी सकाळी परतत असेल, तर मूल खोटे बोलत आहे असे समजून त्याला रागावू नये, कारण भीतीने पोट खरोखरच दुखते. कारण बहुधा शाळेतच सापडते: स्वच्छतागृहाला कडी नसते, बाकावर शेजारी बसणारा चिमटे काढतो, किंवा पाढे न आल्यामुळे सर्वांसमोर उभे राहावे लागलेले असते. अशा वेळी सुट्टी देण्याऐवजी त्याच दिवशी मुलासोबत जाऊन वर्गशिक्षकांशी बोलावे, कारण घरी मिळालेल्या प्रत्येक दिवसागणिक शाळेत परतणे अधिक कठीण होत जाते. मुलाला घरी ठेवावेच लागले, तर तो दिवस दूरदर्शन आणि मोबाइल यांच्याविना जाऊ द्यावा. दुखणे पोटाच्या उजव्या बाजूला खाली सरकत असेल, वाढत असेल किंवा सोबत उलट्या होत असतील, तर मात्र शाळेचा प्रश्न बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.

आजाराखेरीज लग्न, जत्रा, सुगी, पाहुणे अशी कारणे उरतात. गावच्या जत्रेचा एक दिवस मुलाला द्यावा, असे माझे मत आहे. जत्रेला जोडून काढलेल्या चार दिवसांचे समर्थन मात्र करता येत नाही. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मुलीला घरी ठेवणे हे सर्वांत वाईट कारण, कारण ते एका दिवसावर कधीच थांबत नाही. तीन वर्षांवरील भावंडाची सोय अंगणवाडीत होऊ शकते, त्याची चौकशी आधी करावी.

गैरहजेरी कळवताना खरे कारण लिहावे. ‘घरगुती अडचण’ एवढ्याने शिक्षकांना काहीच कळत नाही, तर ‘कांजिण्या आल्या आहेत’ असे कळल्यास वर्गातील इतर पालकांना सावध करता येते, आणि शाळेत कोणी गर्भवती शिक्षिका असतील तर त्यांनाही डॉक्टरांचा सल्ला वेळीच घेता येतो. मूल परतल्यावर मित्राची वही नुसती उतरवून घेण्यात संध्याकाळ घालवू नये. गणितात आणि भाषेत नवीन काय शिकवले एवढे शिक्षकांना विचारून तेवढेच घरी करून घ्यावे.

ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या कुटुंबांची गैरहजेरी दिवसांत नव्हे, महिन्यांत मोजावी लागते. त्यांनी निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटून दोन गोष्टी विचाराव्यात: मुलाला गावातच हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, आणि ते शक्य नसेल तर सोबत नेण्यासाठी शिक्षण हमी कार्ड मिळेल का. ते कार्ड दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसवता येते. शाळा सोडल्याचा दाखला हाती नाही किंवा तो यायला उशीर होत आहे, या कारणावरून तेथील शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि गावी परतल्यावर मुलाला पूर्वीच्या शाळेत घेऊन जाताना संकोच करण्याचेही कारण नाही, कारण आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकण्यास कायद्याने मनाई आहे.