अपक्ष खासदाराचं मतदान तपासताना या चुका टाळा

आपल्या सोलापूरच्या शेजारच्या सांगलीनं २०२४ मध्ये विशाल पाटलांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. त्या निवडणुकीत देशभरातून ७ अपक्ष निवडून आले. अशा खासदारांवर व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, चालत नाही, म्हणून त्यांचं प्रत्येक मत त्यांच्या स्वतःच्या जबाबदारीचं असतं. पाटलांनी नंतर काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं. पण पाठिंबा म्हणजे पक्षप्रवेश नव्हे. अपक्ष निवडून आलेल्यानं पुढे पक्षात प्रवेश केला, तर पक्षांतरबंदी कायद्यानं खासदारकीच धोक्यात येते.

पहिली चूक प्रत्येक विधेयकावर नावनिशी मत शोधण्याची. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात आणि तिथे कोणाचंच नाव नोंदलं जात नाही. कुणी मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून नोंदणं, मागितलं तरच नावं येतात. घटनादुरुस्तीला मात्र मतविभाजन होतंच. २०२३ चं महिला आरक्षणाचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं. म्हणून 'अमक्यानं विरोधात मत दिलं' असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला, की मतविभाजनाची तारीख विचारा. तारीख नसेल तर तो पुढे पाठवू नका.

तारीख मिळाली तरी मत नेमकं कशावर होतं ते वाचा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. १७ डिसेंबर २०२४ ला 'एक देश, एक निवडणूक' विधेयकावर २६९ विरुद्ध १९८ मतं पडली, ती फक्त विधेयक मांडण्यापुरती. ते मंजूर झालं असं लिहिणारे चुकले. विरोधकांच्या दुरुस्तीला 'होय' म्हणणारा सरकारच्या बाजूनं नसतो, हेही यादी बघताना सुटतं. बाकावरची बटणं तीन: हिरवं होय, लाल नाही, पिवळं तटस्थ. गैरहजर खासदार तिन्ही यादींत नसतो, त्याला तटस्थ म्हणणं अन्याय आहे. पडद्यावरचे आकडेही कच्चे असतात. बटणाऐवजी कागदी चिठ्ठ्यांवर दिलेली मतं धरून ते बदलतात. म्हणून कामकाजाच्या छापील वृत्तांतातली यादी, तळटिपांसकट, पाहावी.

आपल्याकडची आणखी एक गल्लत. बार्शीकर सोलापूरच्या खासदाराला जाब विचारतात, पण बार्शी धाराशिव लोकसभा मतदारसंघात आहे. करमाळा, सांगोला, माळशिरस माढ्यात. आणि २०१९ ला बार्शीतून राजेंद्र राऊत, करमाळ्यातून संजयमामा शिंदे अपक्ष निवडून आले ते विधानसभेवर. त्यांची नोंद संसदेत सापडणार नाही.

हजेरीच्या टक्क्यांवर फार जाऊ नका. मंत्री तर हजेरीपटावर सहीच करत नाहीत. भाषणाचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो, त्यामुळे अपक्षाच्या वाट्याला मिनिटंच येतात. प्रश्नांचं तसं नाही, ते लेखी विचारता येतात. उजनी धरणाच्या पाण्यावर किंवा यंत्रमाग कामगारांवर प्रश्न विचारला असेल, तर मंत्र्यानं दिलेलं उत्तर उघडून वाचा आणि खासदार पुढच्या अधिवेशनात त्याच्या मागे लागला का, ते बघा.