मूळ पेशींचे दान : नाव नोंदवण्याआधी घरात बोला

रक्ताचा कर्करोग, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया किंवा थॅलेसेमिया असलेल्या अनेक रुग्णांना बरे होण्यासाठी दुसऱ्याच्या निरोगी, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, लागतात. त्यासाठी रक्तगट नव्हे, तर एचएलए, म्हणजे पेशींवरील ओळखखुणांचा संच, जुळावा लागतो आणि एका सख्ख्या भावंडाशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्केच असते. एचएलए आईवडिलांकडून येत असल्यामुळे भारतीय रुग्णाला बहुधा भारतीय वंशाचाच दाता मिळतो. म्हणून परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनीही तिथे अवश्य नाव नोंदवावे.

आपल्याकडे दात्री, डीकेएमएस यांसारख्या संस्था ही नोंदणी करतात. तरुण, निरोगी व्यक्तीने अर्ज व संमतिपत्र भरून गालाच्या आतून कापूस लावलेली काडी फिरवून नमुना द्यायचा, एवढेच काम असते. खरा विचार मात्र त्याआधी व्हायला हवा. एखाद्या रुग्णाशी एचएलए जुळल्यावर दानासाठी येणारे बोलावणे काही वर्षांनीही येऊ शकते, कदाचित कधीच येत नाही. पण ते आल्यावर कधी कधी आई किंवा जोडीदार घाबरून अडवतात आणि दाता माघार घेतो. प्रत्यारोपणाआधी तीव्र केमोथेरपीने रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा (हाडांतील रक्त तयार करणारा मऊ भाग) नष्ट केलेली असते, त्यामुळे त्या टप्प्यावरचा नकार त्याच्या जिवावर बेततो. शंका असेल, तर नोंदणीच्या वेळीच थांबणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे. फोन क्रमांक बदलल्यास तोही संस्थेला आवर्जून कळवावा.

दानापूर्वी पुन्हा रक्ततपासणी आणि संपूर्ण आरोग्यतपासणी होते. त्यानंतर साधारण पाच दिवस इंजेक्शने दिली जातात, ज्यामुळे मूळ पेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतरतात. या काळात हाडे ठणकतात, डोके दुखते आणि हा त्रास पुढे थांबतो. मग एका हातातून रक्त यंत्रात जाते, पेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. याला काही तास लागतात. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात; मणक्याला हात लावला जात नाही.

नाळेतील रक्तातही याच पेशी असतात आणि 1988 साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रत्यारोपण झाले. नाळ कापल्यानंतर हे रक्त घेतात, त्यामुळे आईला वा बाळाला दुखत नाही. मात्र रक्त जास्त मिळावे म्हणून नाळ घाईने बांधू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते किमान एक मिनिट थांबणे बाळाच्या हिताचे असते. दान केलेले नाळरक्त कोणाही रुग्णासाठी साठवणाऱ्या सार्वजनिक पेढीची सोय मोजक्याच ठिकाणी असल्याने प्रसूतितज्ज्ञांना आधीच विचारावे. स्वतःच्या बाळासाठी खासगी पेढीत पैसे भरून रक्त साठवण्याची शिफारस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद करत नाही, कारण थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष बाळाच्या त्या रक्तातही असतोच. याला एक अपवाद आहे: मोठ्या मुलाला मूळ पेशींनी बरा होणारा आजार असेल, तर धाकट्याचे नाळरक्त त्याच्यासाठी जपून ठेवता येते, अशा आईवडिलांनी प्रसूतीच्या बरेच आधी रक्तविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी.