एनओटू आणि पाणी: या चुका टाळा

बारावीच्या वह्या तपासताना एक समीकरण दरवर्षी भेटतं: २ एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) + पाणी → २ एचएनओथ्री (नायट्रिक आम्ल). नायट्रोजन जुळतो, हायड्रोजन जुळतो. ऑक्सिजन मोजा: डावीकडे पाच, उजवीकडे सहा. मग आकडे बदलून खाडाखोड सुरू होते, आणि काही केल्या जुळत नाही.

जुळणारच नाही. एनओटूमध्ये नायट्रोजनची ऑक्सिडीकरण अवस्था (अणूच्या वाट्याला येणारा हिशेबी प्रभार) +४ असते आणि +४ चं स्थिर आम्लच नाही. म्हणून थंड पाण्यात फाटाफूट होते: एक अणू +५ वर चढून नायट्रिक आम्लात जातो, दुसरा +३ वर उतरून नायट्रस आम्लात. समीकरण असं: २ एनओटू + पाणी → एचएनओथ्री + एचएनओटू. पाणी गरम असेल तर नायट्रस आम्ल टिकत नाही. ३ एनओटू + पाणी → २ एचएनओथ्री + एनओ (नायट्रिक ऑक्साइड). दोन अणू एकेक पायरी चढले, एक दोन पायऱ्या उतरला, हिशेब चोख. नायट्रिक आम्ल बनवण्याच्या औद्योगिक ओस्टवाल्ड पद्धतीत हा एनओ वाया घालवत नाहीत, हवेने पुन्हा एनओटू करून फिरवतात.

एनटूओथ्री (+३) आणि एनटूओफाइव्ह (+५) यांचं मात्र सरळ आहे. पाण्यात अवस्था बदलत नाही, अनुक्रमे नायट्रस आणि नायट्रिक आम्ल मिळतं. इथली चूक वेगळीच: पाच ऑक्सिजनचे, प्रत्येकी उणे दोनप्रमाणे, उणे दहा पाहून नायट्रोजनला थेट +१० देऊन टाकतात. अहो, नायट्रोजन दोन आहेत, भागा की! आणि +५ म्हणजे पाच बंध नव्हेत. नायट्रोजन चार बंधांपुढे जात नाही.

खरा चकवा एनटूओ देतो, तोच तो हसवणारा वायू. अधातूचं ऑक्साइड म्हणून आम्लधर्मी, असं पाठ केलेलं असतं. कागदावर एनटूओ आणि पाणी यांची बेरीज हायपोनायट्रस आम्लाच्या सूत्राशी तंतोतंत जुळतेही! प्रत्यक्षात तो पाण्यात थोडा विरघळतो, पण आम्ल तयार होत नाही. एनओसुद्धा उदासीनच. तरी एनओच्या प्रयोगात लिटमस लाल झाला, तर भांड्यात हवा शिरली का ते आधी बघा. हवा लागली की रंगहीन एनओ तांबूस होतो, आणि मग लिटमस लाल करतो तो एनओटू.